करणारा आणि करवणारा

मूल बोलायला लागलं की थोड्याच दिवसांत एक युक्ती आपली आपण शिकतं. 'मी कप फोडला' असं ते म्हणत नाही, 'कप फुटला' म्हणतं. दूध सांडतं, पान फाटतं, धाकटा भाऊ पडतो. त्याला ढकललं कुणी, हे दुसऱ्या कुणीतरी विचारायचं. मराठीत ही सोय जागोजागी आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे. एखाद्या स्वराचा, फार तर व्यंजनाचा फरक, आणि कर्ता वाक्यातून अलगद निघून जातो.

मोठेपणी ही युक्ती सुटत नाही, तिला फक्त लेटरहेड मिळतं. पूल कोसळतो, आग लागते, वायू गळतो, फाइल गहाळ होते, 'काही त्रुटी राहून जातात'. निवेदनं लिहिणाऱ्यांचं व्याकरण पक्कं असतं. खापर मात्र आपोआप फुटत नाही. ते कुणाच्या तरी डोक्यावर फोडावंच लागतं, आणि डोकं निवडायला फारसा वेळ लागत नाही. ज्याचा हात शेवटी लागला होता तो. झडप उघडणारा, कळ दाबणारा, सुकाणू धरलेला, कागदावर शिक्का मारणारा. त्याला पकडलं की वाक्याला कर्ता मिळाला असं सगळ्यांना वाटतं.

पण शाळेत आपण आणखी एक रूप पाठ केलेलं असतं. प्रयोजक क्रियापद. करणे, करवणे. स्वतः हात न लावता दुसऱ्याच्या हातून घडवून आणणाऱ्यासाठी भाषेनं वेगळं क्रियापद राखून ठेवलं आहे. कायद्याला आणि आपल्या संतापालाही हे रूप नीट चालवता येत नाही, अशी माझी तक्रार आहे.

६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' नावाची फेरीबोट इंग्लंडला निघाली. मोटारी आत घेण्यासाठी तिच्या पुढच्या टोकाला मोठी दारं होती आणि ती उघडीच राहिली होती. बंदराबाहेर बोटीनं वेग घेतला, समुद्र मोटारींच्या डेकवर शिरला आणि बघता बघता बोट आडवी झाली. १९३ माणसं गेली.

दारं लावायचं काम साहाय्यक बोसनचं होतं. बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याचा हा साहाय्यक काम आटोपून आपल्या केबिनमध्ये जाऊन झोपला होता, आणि निघायच्या वेळी त्याला जाग आली नाही. झोपलेला खलाशी. यापेक्षा सोयीचा कर्ता कुठे मिळणार? गोष्ट इथेच संपू शकली असती.

चौकशी करणारे न्यायमूर्ती शीन मात्र जिना चढत गेले. खुद्द बोसन दारांजवळून सगळ्यात शेवटी निघाला होता. दारं लावणं हे माझ्या कामात कधीच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. पहिल्या अधिकाऱ्यानं दारं लागल्याची खात्री करायची होती, पण नेमक्या त्याच सुमाराला त्यानं जहाजाच्या चालनकक्षात हजर असावं असाही हुकूम होता. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी. कप्तानाला आपल्या जागेवरून दारं दिसत नव्हती. पद्धत अशी होती की कुणी येऊन काही बिघाड सांगितला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरायचं आणि निघायचं. गप्प बसणं हाच अहवाल. आणि झीब्रुगच्या व्यवस्थापकाचा एक कागद फिरत होता: बोट वेळेच्या पंधरा मिनिटं आधी सुटली पाहिजे, पहिला अधिकारी रेंगाळतोय असं वाटलं तर त्याच्यावर दबाव आणा.

आणखी एक मजला वर चढलं की खरी गोष्ट सापडते. याच कंपनीचं दुसरं एक जहाज काही वर्षांपूर्वी असंच दारं उघडी ठेवून बंदरातून निघालं होतं. त्यामुळे कप्तानांनी कार्यालयाकडे मागणी केली होती की दारं उघडी आहेत की बंद हे दाखवणारा दिवा आमच्यासमोर बसवा. एक दिवा. या मागणीचा कागद व्यवस्थापकांमध्ये फिरला आणि त्यावर शेरे पडले. एकानं लिहिलं, त्या कामावरचा माणूस जागा आणि शुद्धीवर आहे की नाही हे कळायलाही दिवा हवा का? दुसऱ्यानं लिहिलं, कल्पना छान, पण या कामासाठी आपण आधीच कुणाला तरी पगार देतो ना!

हा दुसरा शेरा मला महत्त्वाचा वाटतो. लिहिणारा दुष्ट नव्हता, विनोद करत होता. पण आधुनिक संस्था दोष कसा वाटतात याची सगळी रीत त्या ओळीत आहे. खाली कुणाला तरी पगार द्यायचा, म्हणजे काही झालं तर तो असतो. तो साहाय्यक बोसन जहाजाच्या सुरक्षेसाठी जेवढा होता, तेवढाच वरच्यांच्या सुरक्षेसाठीही होता.

वरपासून खालपर्यंत या कंपनीला ढिसाळपणाच्या रोगानं ग्रासलं होतं, असं शीन यांनी अहवालात लिहिलं. पुढे कंपनीवर आणि सात जणांवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९९० मध्ये तो कोसळला. (तोही कोसळला, पाडला कुणीच नाही.) त्या वेळचा इंग्लिश कायदा म्हणायचा, कंपनीला दोषी ठरवायचं तर तिचं 'मन' म्हणता येईल असा एखादा वरिष्ठ माणूस आधी स्वतंत्रपणे तेवढाच दोषी सापडला पाहिजे. इथे दोष सगळीकडे थोडाथोडा पसरलेला होता. एकाच डोक्यात पुरेसा नव्हता. थोडाथोडा दोष एकत्र करायला कायदा तयार नव्हता.

म्हणजे काय झालं बघा. निष्काळजीपणा एका माणसात साठला असता तर तो गुन्हा ठरला असता. तो चाळीस टेबलांवर पसरला म्हणून गुन्हाच उरला नाही. संस्था जितकी मोठी आणि तिची कामाची वाटणी जितकी गुंतागुंतीची, तितकी ती सुरक्षित. बोट बुडाल्यावर वीस वर्षांनी, २००७ मध्ये, ब्रिटननं कंपन्यांच्या हातून होणाऱ्या मनुष्यवधाचा वेगळा कायदा केला. त्याखाली २०११ मध्ये पहिल्यांदा दोषी ठरली ती जमिनीच्या तपासण्या करणारी मूठभर कर्मचाऱ्यांची एक लहान कंपनी. लहान घरात मालक कुठल्या खोलीत असतो ते लगेच कळतं.

आता याच कायद्याचा दुसरा चेहरा. १९२३ मध्ये कलकत्त्यात एका पोस्टमास्तरांचा दरोड्याच्या प्रयत्नात गोळी घालून खून झाला. पकडलेला आरोपी म्हणाला, मी तर बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलेला होतो, गोळी मी झाडलेलीच नाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेलं. निकाल असा लागला की समान उद्देशानं आलेल्यांमध्ये नुसता उभा राहिलेलाही खुनालाच जबाबदार. भारतीय दंडविधानाचं कलम ३४ समजावताना हा खटला अजूनही शिकवला जातो, आणि नव्या न्याय संहितेतही ते तत्त्व तसंच आलं आहे. दहा जणांनी मिळून केलं म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एक दशांश खून येत नाही, प्रत्येकाला अख्खा येतो. अंगणातल्या माणसासाठी कायद्याला हे गणित सहज जमतं. दिवा नाकारणाऱ्या टेबलांपाशी आलं की तोच कायदा भागाकार करायला लागतो, आणि उत्तर शून्य येतं.

यावर वकील म्हणतील की तुलना चुकीची आहे. दरोडेखोरांचा उद्देश होता, जहाज बुडावं अशी इच्छा कुणाचीच नव्हती. खरं आहे. मनातला हेतू पाहणं ही फौजदारी कायद्याची मोठी कमाई आहे आणि ती सोडू नये. १३८६ मध्ये फ्रान्समधल्या फालेझ गावात एका मुलाला मारलं म्हणून एका डुकरिणीला रीतसर फाशी दिली होती. हेतूचा विचार सोडला की आपण तिथे पोचतो. माझं म्हणणं एवढंच की निष्काळजीपणालाही उंची असते. झोपलेल्या खलाशाला एक दार दिसत होतं. वरच्या माणसाला सगळी जहाजं दिसत होती, आधीची घटना माहीत होती, धोक्याची सूचना लेखी मिळाली होती आणि खर्चाचा अधिकार त्याच्याकडे होता. जितकं उंच बसाल तितकं लांबचं दिसतं. पगार त्याचाच जास्त असतो ना?

भोपाळमध्ये हे सगळं अधिक भयानक प्रमाणात घडलं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीपासून बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. हजारो माणसं मेली. कंपनीनं वर्षानुवर्षं लावून धरलेला सिद्धांत काय होता? एका नाराज कामगारानं मुद्दाम टाकीत पाणी सोडलं. पुन्हा तोच, शेवटचा हात. समजा, घटकाभर हा सिद्धांत खराही मानला. एक नाराज माणूस एका नळीनं शहर मारू शकतो, असा कारखाना वस्तीला लागून उभा कुणी केला, चालवला कुणी, आणि त्याच्या संरक्षक यंत्रणा बंद असताना रात्रपाळी सुरू ठेवली कुणी? हे सिद्धांत मांडणाऱ्यांना ऐकूच येत नव्हतं.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांवरचा सदोष मनुष्यवधाचा आरोप खाली आणून हयगयीने मृत्यूस कारण होण्याच्या कलमावर, ३०४-अ वर, आणला. रस्त्यावरच्या अपघाताला तेव्हा लागायचं तेच कलम. त्यात जास्तीत जास्त शिक्षा होती दोन वर्षं. ७ जून २०१० रोजी, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनी, सात जणांना ती दोन वर्षं सुनावली गेली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. कंपनीचे अमेरिकी अध्यक्ष वॉरन अँडरसन डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला आले, अटक झाली, जामिनावर सुटून गेले ते परतले नाहीत. २०१४ मध्ये वारले. पैशाचा हिशेब १९८९ मध्येच ४७ कोटी डॉलरवर मिटवला होता.

पैसा. मोठ्या संस्थांनी शोधलेलं प्रायश्चित्त. बोइंगची ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं २०१८ आणि २०१९ मध्ये पाच महिन्यांच्या आत कोसळली, ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक संगणकीय यंत्रणा एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होती आणि तिच्याबद्दल वैमानिकांना सांगितलेलं नव्हतं. पहिल्या अपघातानंतर कुजबुज सुरू झाली ती वैमानिकांच्या कौशल्याबद्दल. २०२१ मध्ये कंपनीनं अमेरिकी सरकारशी अडीच अब्ज डॉलरचा करार केला. फौजदारी खटला उभा राहिला तो फक्त एका माणसावर, कंपनीच्या माजी मुख्य तांत्रिक वैमानिकावर, आणि ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. मला ते योग्यच वाटतं. तो एकटा उभा होता याचा अर्थच ज्युरीला दिसला असावा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पदावरून काढलं, पण जाताना समभाग आणि निवृत्तिवेतन मिळून सहा कोटी डॉलरच्या वर घेऊन गेला. दंड भरते कंपनी, म्हणजे भागधारक आणि शेवटी तिकीट काढणारे. निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला आणि झोपेला धक्का लागत नसेल, तर त्या रकमेला दंड म्हणायचं की परवाना शुल्क?

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की मी हात धुऊन वरच्यांच्या मागे लागलो आहे आणि खालच्याला मोकळं सोडतो आहे. तसं नाही. उलट 'मी हुकमाचा ताबेदार' या वाक्याची मला जास्त भीती वाटते.

१६ मार्च १९६८. व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकी सैनिकांनी एका सकाळी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. अमेरिकी सैन्याची मोजणी ३४७, गावातल्या स्मारकावरचा आकडा ५०४. दोषी ठरला एकच माणूस, लेफ्टनंट विल्यम कॅली, बावीस खुनांबद्दल. त्याचा कॅप्टन सुटला. कॅलीला जन्मठेप झाली आणि अमेरिकेत त्याच्या बाजूनं प्रचंड लाट उसळली. त्याला बळीचा बकरा केलं, असं लोक म्हणू लागले. अध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून त्याच्या राहत्या जागी नजरकैदेत ठेवायला लावलं आणि १९७४ मध्ये तो सुटलाही.

लोकांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. तो बळीचा बकरा होताच. वरचे सगळे त्याच्या आड लपले. पण बळीचा बकरा निर्दोषच असतो हे कुणी सांगितलं? बावीस माणसं त्यानं मारली होती. त्याला सोडल्यानं वरच्यांपैकी एकही पकडला गेला नाही. दोन्ही बाजूंचे लोक जणू एकच बशी फिरवत होते, दोष एकाच्या ताटात वाढला की दुसऱ्याचं ताट रिकामं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाच्या सनदेत आठवं कलम घातलं गेलं होतं, वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून आरोपी सुटणार नाही, फार तर शिक्षा सौम्य करताना त्याचा विचार होईल. खालच्याचं ओझं कमी होऊ शकतं, संपू शकत नाही. जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी लिहिलेलं हे कलम स्वतःच्या सैनिकाची पाळी आल्यावर फार जड गेलं.

आणि त्याच सकाळी, त्याच गावावर, ह्यू थॉम्प्सन नावाचा हेलिकॉप्टरचा वैमानिक घिरट्या घालत होता. खाली काय चाललं आहे ते बघून त्यानं आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवलं. आपल्या दोन साथीदारांना सांगितलं की यांनी या लोकांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही यांच्यावर झाडा. आणि काही गावकऱ्यांना बाहेर काढलं. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता.

इथे मराठी व्याकरणातली एक गोष्ट मला नेहमी चकित करते. 'करवणे' हे रूप दोन कामं करतं. 'तो दुसऱ्याकडून करवतो' हे प्रयोजक. आणि 'मला हे करवत नाही' हे शक्य क्रियापद. हुकूम सोडणारा आणि हुकूम न जुमानणारा एकाच धातुरूपात बसले आहेत. 'मी करत नाही' यात नकार आहे, 'मला करवत नाही' यात नकाराच्याही आधीचं काही आहे, हातच उचलत नाही. करवणाऱ्याची सगळी सत्ता या दुसऱ्या वाक्यापाशी अडते. म्हणून करणाऱ्याला कठपुतळी ठरवून सोडून देणं हा त्याच्यावर उपकार नाही. तसं केलं तर थॉम्प्सननं केलं त्याला काही नावच उरत नाही. त्याला त्या दिवसाबद्दल योग्य ते शौर्यपदक मिळायला १९९८ उजाडलं.

मग वरच्याला किती वरपर्यंत धरायचं? इथे मी स्वतःच्या मताला थोडी ब्रेक लावतो, कारण इतिहासात उलटंही झालं आहे. जपानी जनरल यामाशिता यांच्या सैन्यानं १९४५ मध्ये मनिलात भीषण अत्याचार केले. त्यांनी हुकूम दिल्याचा पुरावा नव्हता. त्यांचा बचाव असा की संपर्क तुटला होता, मी डोंगरात होतो, काय चाललं ते मला कळलंच नाही. सैन्यावर ताबा ठेवणं हे तुमचं काम होतं आणि ते तुम्ही केलं नाही, या आधारावर त्यांना २३ फेब्रुवारी १९४६ ला फाशी दिली गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मर्फी आणि रटलेज या दोन न्यायमूर्तींनी कडक विरोधी मत नोंदवलं होतं. ज्यांनी संपर्क तोडला त्यांनीच, संपर्क का ठेवला नाहीस, म्हणून फाशी द्यायची, यात न्याय कमी आणि सूड जास्त होता असं मलाही वाटतं. केवळ खुर्चीवर बसला होता म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही.

नंतर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम करारात सेनाधिकाऱ्यांसाठी जी कसोटी आली, ती मला जास्त पटते. त्याला माहीत होतं का, किंवा त्या परिस्थितीत माहीत असायला हवं होतं का? आणि थांबवणं हातात असताना त्यानं थांबवलं का? ही कसोटी सेनापतींना लागू होते, मग कारखान्यांना, बँकांना, रुग्णालयांना, मंत्रालयांना लावायला काय हरकत आहे?

हरकत येते ती 'माहीत नव्हतं' या दोन शब्दांपाशी. 'कसं ते तुम्ही बघा, मला उद्या झालेलं हवं' हे वाक्य नोकरी केलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलं आहे. आजकालचा करवणारा असा बोलतो. तो हुकूम देत नाही, लक्ष्य देतो. मुदत देतो. कसं झालं ते विचारत नाही, कारण विचारलं तर कळेल, आणि कळलं तर माहीत होतं असं होईल. अज्ञान हे इथे अपघातानं आलेलं नसतं, ते मेहनतीनं जपलेलं असतं. असं जपलेलं अज्ञान बचाव म्हणून मान्य होऊ नये, उलट तेच पुरावा धरावं. दिव्याच्या मागणीवर विनोदी शेरा मारणाऱ्याला माहिती मिळाली होती, त्यानं ती हसण्यावारी नेली.

नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा देणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मला आवडते. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातात शंभराहून जास्त माणसं गेल्यावर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी पद सोडलं. पण हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. 'नैतिक' हे विशेषण लावलं की 'कायदेशीर' हे विशेषण टळतं.

आणखी एक चूक आहे, शेवटच्या हाताच्या बरोबर उलटी. जबाबदारी इतकी पसरवायची की तिनं अख्ख्या घराला, जातीला, गावाला घेरावं. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानं काही जमातींत जन्मणं हाच गुन्हा ठरवला: नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे सगळं रद्द झालं, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते हे तिथल्या लोकांना विचारा. युद्धकाळासाठीसुद्धा १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारानं सांगून ठेवलं आहे की स्वतः न केलेल्या अपराधाची शिक्षा कुणालाही देता येणार नाही. तरी आरोपीचं घर पाडायचं, म्हणजे त्याच्या आईचं, बायकोचं, शाळेत जाणाऱ्या पोरांचं घर पाडायचं, हे आपल्या डोळ्यांसमोर टाळ्यांच्या गजरात झालं. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं की आरोपी किंवा दोषी आहे म्हणून कुणाचं घर पाडणं घटनाबाह्य आहे. वड्याचं तेल वांग्यावर काढणं हा न्याय नव्हे.

वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या पापात वाटेकरी होणार का, असं त्यानं घरी विचारलं, आणि सगळ्यांनी नाही म्हटलं. पाप ज्याचं त्याचं. कथेचा भर वाल्याच्या डोळे उघडण्यावर आहे, आणि तो योग्यच. तरी मला त्या घरातली माणसं फार सहज सुटल्यासारखी वाटत आली आहेत. रांजणात खडे पडत होते, घरात धान्य येत होतं, आणि कुठून येतं हे कुणी विचारत नव्हतं. त्यांना वाल्याच्या शेजारी उभं करून फाशी द्या असं मी म्हणणार नाही, ती वरचीच चूक होईल. पण 'तुझं तू बघ' हे उत्तर त्यांना इतक्या चटकन सुचलं, म्हणजे प्रश्न त्यांच्या मनात आधी येऊन गेला असावा. वर्षाअखेरीला लाभांश घेणारा भागधारक त्या घरातलाच.

पुढचा पेच यंत्रांचा आहे. १८ मार्च २०१८ ला अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीवर असलेल्या स्वयंचलित मोटारीनं रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. मोटारीला काही सेकंद आधी समोर काहीतरी दिसलं होतं, पण ते काय आहे हे तिला ठरवता येईना. ठरावीक जागा सोडून कुणी रस्ता ओलांडेल हे तिला शिकवलेलंच नव्हतं. मूळ मोटारीतला तातडीचा ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवला होता. आत लक्ष ठेवायला बसलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये ठरवलं. चालकानं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. ती दोषी होतीच. मात्र काही महिने आधीपर्यंत अशा मोटारीत दोन माणसं बसत असत. एक कमी करण्याचा निर्णय तिचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये माणसाचा जीव घेणारी वस्तूच दोषी धरून जप्त करायचा किंवा तिची किंमत वसूल करायचा जुना कायदा होता. १८४१ मध्ये रेल्वेच्या एका अपघातानंतर ज्युरीनं इंजिन आणि डब्यांवर हजार पौंड लावले. रेल्वे कंपन्या हादरल्या, आणि १८४६ मध्ये तो कायदा रद्द झाला. इंजिनाला दोषी धरणं वेडगळपणाचं होतं, पण त्या वेडगळपणात निदान पैसे इंजिनाच्या मालकाला भरावे लागत. आता इंजिन निर्दोष, मालक निर्दोष, आत बसवलेला एक कमी पगाराचा माणूस तेवढा दोषी.

त्या फेरीबोटीच्या कंपनीतल्या कप्तानांनी दिव्याची मागणी पहिल्यांदा केली ती १९८५ मध्ये. बोट बुडाली १९८७ च्या मार्चमध्ये. त्यानंतर कंपनीच्या उरलेल्या जहाजांवर ते दिवे बसले. त्याला काही दिवस पुरले.